पितळी गंज, किंमत एक रुपया

वसुंधराबाईंचा फोन आला तेव्हा शकुबाई परसातल्या पालकाला पाणी घालत होती. "शकुबाई, रविवारी मंडळाची सभा आहे. तुमचा सत्कार करायचं ठरलंय. चांगलं पातळ नेसून या," असं त्या म्हणाल्या. फोन ठेवता ठेवता, "आणि हो, डाळभाजी तुमच्याच हातची हवी. रायपूरचे पाहुणे येणार आहेत," हेही सांगून झालं. म्हणजे सत्कार जिचा, तिनंच सकाळी येऊन शंभर माणसांचं रांधायचं, मग हात धुवायचे आणि शाल घ्यायला पुढं जायचं. शकुबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाई बिचारी हरखून गेली होती.

तिचा नवरा चिंधू मात्र बाजेवर उठून बसला. त्याची सगळी नोकरी पोलाद प्लांटच्या कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर, गेली होती आणि आता कान अर्धेच उरले होते, पण नको ते बरोबर ऐकू यायचं.

"सत्कार? कावून?"

"कावून म्हंजे? इतके वर्स रांधून राहिली मी तेथं."

"माहा बी केला होता सत्कार," चिंधू म्हणाला. "शाल देल्ली, नारळ देल्ला, घड्याळ देल्लं. अन् दुसऱ्या दिशी गेटपास काढून घेतला."

"तुमी रिटायर झाल्ते. मी कुठं रिटायर हून राहिली?"

"मंग पाय तू," म्हणून तो पुन्हा आडवा झाला. शकुबाईनं त्याचं बोलणं मनावर घेतलं नाही आणि पेटीतलं हिरवं पातळ उन्हात टाकलं.

आता हे मंडळ म्हणजे काय प्रकरण, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचा राग कशाचा ते कळायचं नाही. भंडारा-गोंदियाकडची कितीतरी माणसं भिलाईच्या प्लांटमध्ये लागली. त्यातली भट्टीवर घाम गाळणारी मरोद्याच्या वस्तीत राहिली आणि टेबलाशी बसणारी टाउनशिपच्या सेक्टरातल्या झाडांच्या रस्त्यांवर. दोन्हीकडच्या बायका वर्षातून एकदा हळदीकुंकवाला भेटायच्या, तेवढीच काय ती ओळख. अशाच एका हळदीकुंकवात वसुंधराबाईंनी कल्पना काढली. पापड, मसाले, कुरडया करू, पुढं लग्नाचा स्वयंपाक घेऊ. कल्पना त्यांची होती, हे कबूल करायलाच हवं. नाव ठरलं वैनगंगा महिला गृहउद्योग मंडळ. हिशेब बघायला त्यांचे यजमान मारोतराव, प्लांटच्या अकाउंट खात्यातले, फुकट राबायला तयार झाले.

प्रत्येकीनं हजार रुपये भांडवल घालायचं ठरलं. सेक्टरातल्या बायकांनी पर्समधून नोटा काढल्या. मरोद्याच्या सहा जणींकडं नोटा नव्हत्या. तेव्हा हजार म्हणजे चिंधूचा महिन्याचा पगार! "नोटा नसल्या तर भांडी आणा, भांड्यांशिवाय काय रांधणार आहोत?" असं वसुंधराबाईच म्हणाल्या होत्या. मग सहा जणींनी आंदणातली पितळी भांडी आणली. अंजनाबाईनं परात आणली, कुणी पसरट कोपर आणला, कुणी कढई. शकुबाईनं गंज आणला.

गंज म्हणजे आमच्याकडचं खोल, उभट पातेलं. हा घरगुती गंज नव्हता. तिच्या बापानं लेकीच्या लग्नाची पंगत रांधायला भंडाऱ्याच्या कासाराकडून मुद्दाम घडवून घेतलेला, दोन्ही अंगांना जाड कड्या असलेला, रिकामासुद्धा दोन माणसांनी उचलावा असा. पंगती उठल्या आणि तोच गंज पोरीबरोबर सासरी आला. काठावर कोरलेलं होतं, 'सौ. शकुबाई चिंधू कापगते हीस वडिलांकडून'. शेजारच्या दुर्गच्या कासारानं काट्यावर घातला आणि किंमत सांगितली हजाराच्या वर. मारोतरावांनी हजार लिहिले. वरचे सोडून दिले म्हणून शकुबाईनं तक्रार केली नाही.

पुढं मंडळ चांगलं चाललं. मरोद्याच्या बाजाराजवळ टिनाच्या छपराचा गाळा झाला, तिथून रोजच्या तीनशे थाळ्यांचं कामही निघू लागलं. नोटांमधून मसाल्याची गिरणी घेतली, ती झिजली, दुसरी घेतली, तीही गेली, तिसरी आली. नफा वाटायचा नाही, धंद्यात घालायचा, असा नियम होता. दिवाळीला सगळ्यांना सारखा बोनस आणि कामाच्या दिवसाची मजुरी वेगळी. त्यामुळं कुणाचं भांडवल किती, हे विचारायची वेळच कधी आली नाही. सभेत सगळ्यांचे हात वर व्हायचे, शकुबाईचाही व्हायचा.

रविवारी ती उजाडताच गाळ्यात पोचली. अंजनाबाई तिच्याआधी येऊन पालक निवडत बसली होती. दोघींनी आतून कल्हई केलेला गंज कड्यांना धरून भट्टीवर चढवला. तूरडाळ, पालक, आंबट चुका, मूठभर शेंगदाणे, वरून लसणाची आणि सुक्या मिरचीची चरचरीत फोडणी. बाहेर मांडवात खुर्च्या मांडल्या जात होत्या. डाळभाजीला रटरट उकळी आली तशी शकुबाईनं जाळ कमी केला, झाकण ठेवलं, दाराआड जाऊन हिरवं पातळ नेसली आणि मांडवात पहिल्या रांगेत जाऊन बसली. तिथं सहा खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. सहापैकी दोघी आता हयात नव्हत्या, त्यांच्या जागी त्यांच्या सुना बसल्या होत्या.

वसुंधराबाई बोलायला उभ्या राहिल्या. स्टार्चची साडी, पांढरे केस, आवाज अजून खणखणीत. मंडळाची आता कंपनी होणार होती. रायपूरचे पीयूषजी पैसे घालणार होते, नवं यंत्र येणार होतं, पाकिटं बिगबाजारात जाणार होती. पीयूष नावाचा तो तिशीतला माणूस हात जोडून हसला. मग सत्कार सुरू झाला. "मंडळाच्या मातांचा हा मान," असं वसुंधराबाई म्हणाल्या तेव्हा शकुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, त्यावर एक पाकीट आलं, वरच्या कोपऱ्यात रुपया चिकटवलेलं, लग्नात देतात तसलं. फोटो निघाले. टाळ्या वाजल्या.

टाळ्या विरल्यावर वसुंधराबाईंनी कागद उघडला. "आता सभासदांना मिळणारे शेअर वाचते. ज्यांचं जितकं भांडवल ताळेबंदात आहे, तितके शेअर. दहा रुपयांचा एक." त्या नावं वाचत गेल्या. प्रत्येक नावापुढं शंभर शेअर. शकुबाई आपलं नाव ऐकायला जरा पुढं सरकून बसली. सेक्टर नऊ झालं, दहा झालं, सात झालं. कागद संपला. वसुंधराबाईंनी चष्मा काढला.

शकुबाईला वाटलं, मरोद्याचं पान पुढं असेल. तिनं बसूनच विचारलं, "बाई, आमचे किती?"

मांडवात कुणी खोकलं. वसुंधराबाईंनी मारोतरावांकडं पाहिलं. मारोतराव सत्तरी ओलांडलेले, सरळ बांध्याचे गृहस्थ, आयुष्यात कधी मंडळाच्या चहाचाही पैसा खिशात टाकला नव्हता. ते अगदी शांतपणे म्हणाले, "शकुबाई, तुमचं भांडवल आता एक रुपया आहे. एका रुपयात दहाचा शेअर बसत नाही. आणि एकही शेअर नाही म्हणजे नियमाप्रमाणं सभासदत्व नाही. म्हणून तर तुमचा सत्कार केला."

"एक रुपया?" शकुबाईला नीट कळेना. "हजार होते जी माहे."

"होते. पण ते रोख नव्हते, गंज होता. वस्तू वापरली की झिजते. दर वर्षी किमतीचा दहावा भाग घसारा म्हणून कमी करायचा असतो. दहा वर्षांत किंमत संपली. वस्तू वापरात आहे हे दिसावं म्हणून एक रुपया ठेवायचा, तो ठेवला. गंज तुमच्या नावाचा, म्हणून जितका तो कमी झाला तितकं तुमचं भांडवल कमी केलं. सगळ्यांच्या भांड्यांचं तसंच आहे." त्यांनी पाकिटाकडं बोट दाखवलं. "पाकिटावर रुपया आहे बघा, तो तुमचं भांडवल परत. आतले पाचशे सत्कार खर्चात टाकलेत. मी हिशेबात दोन्ही वेगळे दाखवलेत."

वेगळे दाखवलेत! हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. माणूस खोटा असता तर एक वेळ परवडलं असतं. हा माणूस खरा होता आणि आपण किती बारकाईनं खरे आहोत ते सांगत होता.

शकुबाईनं पाकिटावरच्या रुपयाकडं पाहिलं. दहा वर्षांत संपली म्हणजे कधीची संपली! तिची नातवंडं जन्मायच्या आधीपासून ती या मंडळात एक रुपयाची बाई होती आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं. दरवर्षी ती सभेत हात वर करत होती आणि हे लोक कौतुकानं बघत होते.

"साहेब," ती उभी राहिली, "तो गंज मी घरी वापरला का? माह्या पोराईची पंगत रांधली का त्यात?"

"नाही, मंडळाचीच."

"मंडळाच्या पंगतीत जेवले सारे. पैसे आले ते मंडळात गेले. अन् झिजला तं फक्त माहा? असा कसा हिशेब जी तुमचा?"

"भांडं तुमच्या नावाचं आहे, शकुबाई. त्यावर कोरलेलं आहे."

"अन् बाईच्या नोटाईवर नाव कोरलं नोव्हतं म्हनून त्या नाही झिजल्या?"

मागच्या रांगेत वसुंधराबाईंची सून शिल्पा बसली होती, दुर्गच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवणारी. तिच्या हातात ताळेबंदाची प्रत होती आणि मघापासून ती कपाळाला आठ्या घालून वाचत होती. ती उठली.

"बाबा, शकुबाई बरोबर बोलताहेत," ती म्हणाली. "गंज दिला त्या दिवशी तो मंडळाचा झाला, आणि हजार रुपये शकुबाईंचे झाले. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढं गंज झिजला तो मंडळाचा खर्च. तो वर्षाच्या नफ्यातून जायला हवा होता, म्हणजे सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा. आईंच्या हजारातून गिरणी घेतली ना? ती तर भंगारात गेली. आईंचे हजार कमी झाले का?"

"गिरणीवर कुणाचं नाव नव्हतं," मारोतराव म्हणाले.

"म्हणूनच. नाव दिसलं म्हणून तुम्ही झीज नावावर टाकलीत."

"दरवर्षी ऑडिट झालंय, शिल्पा. दुर्गच्या ऑडिटरची सही आहे. दोन्ही बाजू पैशापर्यंत जुळल्यात."

"जुळणारच. इकडून शंभर कापले, तिकडूनही शंभर कापले, तर जुळणारच की. कुणाचे कापले ते बेरजेत दिसत नाही."

मारोतराव लाल झाले. सुनेनं चारचौघांत असं बोलावं आणि तेही हिशेबावर! वसुंधराबाईंनी बाजू सावरायला घेतली. आवाजात साखर होती. "हे बघा, कुणाचाही अपमान करायचा हेतू नाही. शकुबाई आमच्या घरच्याच आहेत. पण आता आकडे बदलायचे तर प्रत्येकीच्या वाट्याला कमी येणार, कंपनीचे कागद पुन्हा करावे लागणार. आपण असं करू, या सहा जणींना मंडळाकडून आणखी पाच-पाच हजार मानधन देऊ. प्रेमानं. आणि काम तर आहेच, रोजीनं यायला कुणी अडवलंय? सभाच ठरवू दे. आहे तसा ताळेबंद ज्यांना मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

हात वर होऊ लागले. आधी दोन, मग चार, मग खाली बघत बघत बरेच. ज्यांच्या मुलींच्या लग्नात शकुबाईनं पहाटेपासून भट्टी फुंकली होती, त्यांचेही.

"ज्यांना नामंजूर असेल त्यांनी..."

शकुबाईनं हात वर केला. अंजनाबाईनं केला. पहिल्या रांगेतले सहाही हात वर गेले. मागं एकटी शिल्पा हात वर करून उभी राहिली.

"शकुबाई, तुम्हाला मत नाही," मारोतराव म्हणाले. "सभासद नसल्यावर मत कसं असेल? शिल्पा, तूही सभासद नाहीस."

म्हणजे काढून घेतलं कुणाचं? या सहा जणींचं. आणि काढून घ्यायचं की नाही, हे ठरवायचं कुणी? ज्यांना त्यातून मिळणार त्यांनी! शकुबाईचा हात तसाच वर राहिला होता. तो तिनं सावकाश खाली घेतला. चिंधूचं म्हणणं तिला आता पुरतं कळलं. शाल देल्ली, नारळ देल्ला, अन् पास काढून घेतला. चिंधूचा पास प्लांटनं दिलेला होता, प्लांटनं घेतला. हिचा पास तिच्या बापानं भंडाऱ्याच्या कासाराकडून घडवून घेतला होता.

तिनं पाकिटावरचा रुपया नखानं खरवडून काढला. कागद फाटला. रुपया घेऊन ती टेबलापाशी गेली आणि मारोतरावांच्या ताळेबंदावर ठेवला. मग आख्खं पाकीटही तिथंच ठेवलं.

"हे पाचशे तुमचे तुमाले. अन् हा रुपया बी तुमाले. माहा गंज मले द्या."

"तसं कसं?" मारोतराव दचकले. "गंज मंडळाची मालमत्ता आहे!"

"किमतीची?"

"एक... एक रुपया."

"मंग रुपया देल्ला ना तुमाले. पावती फाडा."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मारोतराव वसुंधराबाईंकडं बघू लागले, वसुंधराबाई पाहुण्यांकडं. पीयूष आतापर्यंत मराठी समजून घेत गप्प बसला होता. आता त्यानं विचारलं, "अंकल, बाकी पाँच बर्तन भी ऐसे ही हैं क्या?"

"हो... जी हाँ."

"मतलब रोज़ का तीन सौ थाली का जो काम आपने लिखा है, वो इन्हीं बर्तनों में पकता है?"

मारोतरावांनी नाइलाजानं मान हलवली. पीयूषनं समोरचा कागद उलटा घातला आणि पेन खिशाला लावलं. "फिर पहले घर का हिसाब ठीक कर लीजिए. साइन बाद में देखेंगे." त्याला काही शकुबाईची कणव आली होती असं नाही. पैसे लावायचे तर भांडी कुणाची, हे त्याला माहीत असायला हवं होतं, इतकंच. पण जे घरच्यांना दिसलं नाही ते परक्याला पाच मिनिटांत दिसलं, याची शरम तरी कुणाला वाटायला हवी होती.

शकुबाई तोवर भट्टीपाशी गेली होती. वसुंधराबाई लगबगीनं मागं आल्या. "शकुबाई, असं करू नका. डाळभाजी आहे त्यात. शंभर माणसं जेवायची आहेत."

"डाळभाजी तुमची. काढून घ्या."

"कशात काढू?"

खरंच, कशात काढणार? बाकीच्या पातेल्यांत भात होता, रस्सा होता. गाळ्यात असं दुसरं भांडंच नव्हतं ज्यात तेवढी डाळभाजी मावेल. वसुंधराबाई इकडंतिकडं बघत राहिल्या. शकुबाईनं त्यांना तसंच थोडा वेळ बघू दिलं. मग तिनं पदर खोचला, झाकण बाजूला केलं आणि पळी हातात घेतली.

"बसवा लोकाईले," ती म्हणाली. "अन्नावर राग नाही माहा."

पंगत बसली. शकुबाईनं स्वतः वाढलं. बादलीत घ्यायची, रांगेतून जायची, प्रत्येकीच्या ताटात वाटीभर डाळभाजी घालायची. हात वर करणाऱ्या एकीनंही मान वर केली नाही. एक जण पुटपुटली, "शकुबाई, मला खरंच माहीत नव्हतं हो." शकुबाई म्हणाली, "आता तं माहीत झालं ना? हात कावून वर केला मंग?" आणि पुढच्या ताटाकडं गेली.

शेवटची पळी वाढून झाली तसा तिनं आणि अंजनाबाईनं गंज नळापाशी ओढला. चिंच आणि राखेनं बाहेरून घासला, आतून धुतला, उन्हात कोरडा केला. नाव लखलखीत झालं. मग शकुबाईनं सत्काराची शाल खांद्यावरून काढली, पिळा घालून गोल वळवली आणि तिची चुंबळ करून डोक्यावर ठेवली. अंजनाबाईनं एका बाजूनं, एका सुनेनं दुसऱ्या बाजूनं गंज उचलून चुंबळीवर बसवला. मग अंजनाबाईनंही आपल्या पाकिटावरचा रुपया टेबलावर ठेवून आपली परात घेतली, बाकीच्यांनीही तसंच करून आपापलं भांडं. सहा जणी मरोद्याच्या रस्त्यानं निघाल्या. भाजीवाल्यांनी वाट दिली, काय झालं म्हणून एकानं छत्तीसगढीत विचारलं, "का होगे दाई?" शकुबाई म्हणाली, "रिटायर केलं आमाले," आणि मान न हलवता चालत राहिली.

घरी आल्यावर तिनं गंज ओसरीवर ठेवला आणि त्याच्याकडं पाठ करून रडली. चिंधूनं उठून चहा केला, जो त्याला येत नव्हता.

मंडळाच्या गाळ्यात मग काय झालं, ते अंजनाबाईच्या कानावर येत राहिलं. भाड्यानं आणलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात डाळ खाली लागली. दुर्गच्या मोहन नगरातल्या एका लग्नाचं काम हातचं गेलं. पीयूषनं फोन उचलला तो एवढंच विचारायला, हिसाब हुआ क्या. मारोतराव दिवसभर जुन्या वह्या काढून बसले होते आणि शिल्पाशी बोलत नव्हते. आणि मग एका संध्याकाळी त्यांची गाडी शकुबाईच्या घरापुढं थांबली.

मारोतराव एकटेच उतरले. वसुंधराबाई गाडीतच बसून राहिल्या, काच अर्धी खाली. मारोतरावांच्या हातात कागद होता. चेहरा ओढलेला होता.

"नवा ताळेबंद केलाय," ते ओसरीच्या पायरीशी उभे राहून म्हणाले. "शिल्पाचं बरोबर होतं. झीज मंडळाच्या खर्चात घेतली, सगळ्यांच्या वाट्यातून. तुमचे हजार परत लिहिलेत. शंभर शेअर. सभेत पुन्हा मंजूर करून घेतलं. या वेळी तुम्हा सहा जणींची नावं धरूनच."

"ज्या गेल्या दोघी, त्याइचे?"

"त्यांच्या सुनांच्या नावे."

शकुबाईनं कागद घेतला. तिला अक्षरं लागत होती, आकडे तर चांगलेच. आपलं नाव आणि पुढचा आकडा तिनं बोट ठेवून वाचला. अंजनाबाईचाही वाचला. मग कागद घडी करून कमरेला खोचला.

"शकुबाई, माझ्या मनात काही वाईट नव्हतं," मारोतराव म्हणाले. "एक पैसा कधी..."

"ते मले माहीत हाय, साहेब. चोर असते तं तवाच धरले असते. तुमी आमाले सांगतलं नाही. इतके वर्स तुमी आमचं कापून राहिले अन् एकडाव तोंडानं नाही सांगतलं, का बाई, तुहं कमी झालं. कोनाले विचारलं बी नाही. कावून? आमी विचारनार नाही म्हनून?"

मारोतराव गंजाकडं बघत राहिले. ओसरीवरच होता तो, भिंतीशी.

"गंज... न्यायचा होता," ते अखेर म्हणाले.

"न्या. मंडळाचाच हाय, तुमच्या कागदात लिवलंच हाय तसं. पन एक काम करा. दुर्गच्या कासाराकडं न्या आधी, अन् माह्या नावाखाली मंडळाचं नाव कोरून घ्या. सहाही भांड्यावर. कोरनावळ मंडळाची. आता झिजन तं मंडळाचा झिजन. मंग कोनी म्हननार नाही का नाव शकुबाईचं दिसलं."

मारोतरावांनी मान डोलावली. मग ते वाट बघत उभे राहिले, कुणीतरी गंज उचलून गाडीत ठेवील म्हणून. आजवर तो कुणीतरीच उचलत आलं होतं. चिंधू बाजेवर बसून मजेत बघत होता. शकुबाई हाताची घडी घालून दाराला टेकली.

"उचला ना साहेब."

मारोतराव वाकले. दोन्ही कड्या धरल्या. गंज वीतभर उठला आणि पुन्हा जमिनीवर टेकला. त्यांनी पुन्हा जोर केला, गळ्याच्या शिरा फुगल्या. गंज हलेना.

"कावून जी?" शकुबाई म्हणाली. "एका रुपयाचाच तं हाय."

गाडीचं दार उघडलं. वसुंधराबाई उतरल्या, स्टार्चची साडी सावरत ओसरीपर्यंत आल्या. शकुबाईकडं त्यांनी पाहिलं नाही. वाकून एक कडी धरली, दुसरी मारोतरावांनी. दोघांनी मिळून गंज उचलला, दोनदा खाली टेकवला, पुन्हा उचलला आणि धापा टाकत पायऱ्या उतरून गाडीपर्यंत नेला. शकुबाई दारातच उभी होती. तिनं हात लावला नाही.